दहा लाख, कोटी, अब्ज हाताला लागावेत कसे? अंदाजाचे प्रयोग आणि त्यातल्या चुका

घनफूट (धागाकर्ता)

१,००,००,००,००० ही संख्या सातवी-आठवीची मुलं सहज वाचतात: एक अब्ज. मग विचारावं, दहा लाख सेकंद म्हणजे साधारण किती काळ आणि एक अब्ज सेकंद म्हणजे किती? दोन्हींना उत्तर एकच येतं, "खूप". खरं उत्तर साडेअकरा दिवस आणि जवळपास ३२ वर्षं. शून्यं वाचता आली म्हणजे संख्या कळली असं नाही, म्हणून हा धागा.

एकच अट. 'अमुक इतक्या वस्तू एकावर एक रचल्या तर चंद्रापर्यंत पोचतील' छापाची वाक्यं नकोत. ती ऐकून मुलं "बापरे" म्हणतात आणि विसरतात. मुलांनी स्वतः मोजलं, कापलं, तोललं, गुणाकार केला आणि कुठे चुकलं ते पाहिलं, असेच प्रयोग लिहा.

सुरुवात माझ्याकडून: एक चौरस मीटर.

१ मीटर म्हणजे १००० मिमी, म्हणून १ चौ. मीटरमध्ये १०,००,००० मिलिमीटरचे चौकोन. हे वहीत लिहून काहीच होत नाही, जमिनीवर पसरावं लागतं. मिलिमीटरच्या आलेख कागदावर (ए-फोर) छापील जाळी बहुधा १८ सेमी × २५ सेमी असते, म्हणजे एका कागदावर ४५,००० चौकोन. भोवतालचा पांढरा समास कापायचा. मग पाच कागद आडवे आणि चार उभे, असे २० कागद लावले की ९० सेमी × १०० सेमी भरतं, म्हणजे ९ लाख. उरलेली १० सेमी रुंद, १ मीटर लांब पट्टी आणखी तीन कागदांतून १० × १८ सेमीचे सहा तुकडे कापून भरते. शेवटचा तुकडा छाटावा लागेल. एकूण २३ कागद.

सगळ्यात उपयोगी असते ती ही उरलेली पट्टी, कारण तीच एक लाख. तिच्यातला १० सेमीचा चौरस दहा हजार, १ सेमीचा चौरस शंभर. लाख, दहा हजार, शंभर आणि एक असे चार आकार एकाच कागदावर, एकाच एककात बोटाने दाखवता येतात. पेन्सिलीने एकच मिलिमीटर चौकोन काळा करून चादरीपासून तीन मीटर मागे उभं राहायला सांगा. तो शोधूनही सापडत नाही. दहा लाखांत एक म्हणजे काय, ते तिथे कळतं.

शेषफल

मस्त सुरुवात. एक व्यावहारिक खोच जोडतो. आलेख कागद विकत न आणता छापून घेणार असाल तर छपाईच्या खिडकीत 'कागदात बसवा' हा पर्याय बंद करा आणि छपाईचं प्रमाण (स्केल) १०० टक्के ठेवा. तो पर्याय चालू राहिला तर जाळी तीन-चार टक्क्यांनी आक्रसते, मिलिमीटर हा मिलिमीटर राहत नाही आणि शेवटची पट्टी जुळतच नाही. मुलांना वाटतं आपण कापताना चुकलो. पहिला कागद निघाला की पोलादी फूटपट्टीने २०० मिमी मोजून पाहा, मगच उरलेले छापा.

छापील जाळी काठाशी अर्धा मिमी सरकलेली असू शकते, तेव्हा कागदाच्या कडेने नाही, जाळीच्या रेघेवर कापा.

घनफूट

धन्यवाद, हे राहूनच गेलं होतं. आता पुढची पायरी, अब्ज.

१ घनमीटर = १००० × १००० × १००० = १ अब्ज घन मिमी. बारा काठ्यांचा सांगाडा करायला जाऊ नका, तो एका बाजूला कलतो, चौकोनाचे समभुज चौकोन होतात आणि मग प्रत्येक बाजूला १४१.४ सेमीचा कर्णदोरा ताणावा लागतो. खोलीचा कोपरा वापरा. घनाच्या १२ कडांपैकी ९ कडा जमिनीवर आणि दोन भिंतींवर येतात, त्या रंगीत चिकटपट्टीने काढायच्या. उरतात फक्त तीन काठ्या, त्या समोरच्या वरच्या कोपऱ्यात एकत्र बांधायच्या. एक जमिनीवर उभी, दोन भिंतींना टेकलेल्या. खोलीचा कोपरा काटकोनात आहे का ते आधी बघा: एका भिंतीवर ६० सेमी, दुसरीवर ८० सेमी मोजलं की दोन्ही खुणांमधलं अंतर १०० सेमी यायला हवं.

वर चिकटवलेली दहा लाखांची चादर या घनाचा तळ होते. मिलिमीटर जाडीचा एक थर म्हणजे दहा लाख, असे हजार थर म्हणजे अब्ज. १ मिमी जाडीच्या पुठ्ठ्याचा तुकडा चादरीवर ठेवला की 'थर' म्हणजे काय ते दिसतं.

आडवी_रेघ

इथे थोडा विरोध नोंदवते. घनफळ फसवतं. घन मिमीत दहा लाख म्हणजे फक्त १० सेमीचा घन, एक लिटरचा डबा. चौ. मिमीत दहा लाख म्हणजे एवढी मोठी चादर. एकाच संख्येची दोन रूपं एकामागून एक दाखवली की मूल विचारतं, "मग दहा लाख मोठे की लहान?" अब्जही कोपऱ्यात मावलेला दिसतो, त्यावर "एवढाच?" हा प्रश्न रास्त आहे.

लांबी सगळ्यात प्रामाणिक. मिलिमीटर एकापुढे एक मांडले तर

हजार = १ मीटर
लाख = १०० मीटर
दहा लाख = १ किमी
कोटी = १० किमी
अब्ज = १००० किमी

शंभर मीटर मुलांना पळून येता येतं, किलोमीटर चालता येतो. त्यापुढे पाय थांबतात, तिथे गणित सुरू होतं. म्हणून आधी लांबी, मग क्षेत्रफळ, मग घनफळ, आणि तिन्हीचा तक्ता शेजारी शेजारी लिहायचाच. चादर आणि लिटरचा डबा वेगवेगळ्या दिवशी दाखवून सोडून दिले तर नफ्यापेक्षा तोटा जास्त.

घनफूट

@आडवी_रेघ, क्रम मान्य. घन टाळू नये एवढंच म्हणणं. निसर्गातल्या बहुतेक मोठ्या संख्या घनफळातच लपलेल्या असतात आणि म्हणूनच त्या दिसत नाहीत.

पेशीमोजणी

घन मिमी टाळूच नका! एक घन मिमी रक्तात साधारण ५० लाख तांबड्या पेशी असतात. वर पुठ्ठ्याचा १ मिमी थर म्हटला आहे, त्यातला १ × १ मिमीचा कण कापून बोटावर ठेवा आणि हे वाक्य सांगा. पुढचा गुणाकारही गमतीशीर येतो. मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त, म्हणजे ५० लाख घन मिमी. ५० लाख × ५० लाख = २५ लाख कोटी पेशी.

या पेशी कोणी एकेक मोजत नाही. हिमोसायटोमीटर नावाच्या काचपट्टीवर कोरलेले चौकोन असतात, सर्वांत लहान चौकोनाची बाजू १/२० मिमी आणि द्रवाची खोली ०.१ मिमी. रक्त २०० पट पातळ करतात आणि असे ८० चौकोन मोजतात. त्यांचं एकूण घनफळ ०.०२ घन मिमी. म्हणून मोजलेल्या पेशींना ५० ने गुणायचं (०.०२ वरून १ घन मिमीवर येण्यासाठी) आणि परत २०० ने (पातळ केल्याबद्दल), एकूण १०,००० ने. ५०० पेशी मोजल्या तर ५० लाख. या धाग्यातला प्रत्येक प्रयोग मुळात हाच आहे: थोडं नीट मोजा, मग गुणा.

तोळामासा

आता वजनाचा मार्ग. तांदळाचे दाणे घ्या. 'शंभर दाण्यांचं वजन करा आणि गुणा' असं सगळीकडे लिहिलेलं असतं आणि तिथेच घोळ होतो.

शंभर दाणे साधारण २ ग्रॅम भरतात. काट्याचं लघुतम माप १ ग्रॅम असेल तर '२' या आकड्याचा अर्थ दीड ते अडीच यांच्यामधलं काहीही. त्यावरून किलोतले दाणे काढले तर उत्तर ४०,००० ते ६६,००० यांत कुठेही पडतं. चूक गुणाकारात नसते, पहिल्याच मापात असते. गुणाकार ती तशीच पुढे नेतो.

हजार दाणे घ्या. दहा मुलांनी शंभर-शंभर मोजले की पाच मिनिटांत होतात. वजन २० ग्रॅमच्या आसपास, चूक अर्धा ग्रॅम, उत्तर ४९ ते ५१ हजारांच्या पट्ट्यात. या हिशेबाने दहा लाख दाणे म्हणजे साधारण २० किलो, एक कोटी म्हणजे २०० किलो. जात बदलली की दाण्याचं वजन बदलतं, त्यामुळे माझा आकडा वापरू नका, आपला काढा.

बाकीच्या खोड्या:

काही डिजिटल काट्यांवर दाणे एकेक करून टाकले तर काटा शून्यच दाखवत राहतो. अगदी सावकाश होणारा बदल म्हणजे आपलंच शून्य सरकलं असं समजून तो पुसून टाकतो. दाणे वाटीत मोजा, वाटी एकदम ठेवा आणि रिकाम्या वाटीचं वजन वजा करा.

तुकडा तांदूळ मोजायचा की नाही ते आधी ठरवा. अर्ध्या वर्गाने मोजला आणि अर्ध्याने टाकला तर दोन्ही निकाल जुळत नाहीत आणि त्याचं कारण कोणालाच सापडत नाही.

नमुना पिशवीच्या वरून उचलू नका. हलवाहलवीत बारीक कण खाली झिरपतात, मोठे वर राहतात. ताटात पसरून, मिसळून, वेगवेगळ्या जागांहून घ्या.

शेषफल

+१. याच दाण्यांवर बुद्धिबळाच्या पटाची जुनी गोष्ट खरोखर करून पाहता येते. पहिल्या घरात १, मग २, ४, ८... सात-आठ घरं हाताने मोजून, पुढची तोलून. सोळा घरांची बेरीज ६५,५३५, म्हणजे सव्वा किलोच्या थोडी वर. वीस घरांची १०,४८,५७५, म्हणजे २१ किलो. तिथे थांबा आणि विचारा, पटाची एक तृतीयांश घरंसुद्धा झाली नाहीत, अख्ख्या पटाला किती लागतील? बहुतेक अंदाज '२१ ची तिप्पट' या रस्त्याने जातात. ती चूक आधी वहीत लिहून घ्यावी, मगच २१ व्या घरात हात घालावा: त्या एका घरात आतापर्यंतच्या एकूण दाण्यांपेक्षा एक दाणा जास्त लागतो.

चिमूटभर

बरणीतल्या गोट्या ओळखा हा खेळ नेहमीचा आहे. पण त्यात मुलं नुसती ठोकून देतात, त्यातून शिकणं काही होत नाही. यावर उपाय?

तोळामासा

@चिमूटभर, ठोकून दिलेला अंदाज पहिली पायरी म्हणून चांगला, पण शाईने लिहून घ्या, पेन्सिलीने नको. नंतर खोडून 'मी असंच म्हणालो होतो' होतं.

दुसरी पायरी गोटीचा व्यास. एकच गोटी पट्टीवर ठेवून मोजली तर १० टक्के चूक सहज होते आणि घनफळात ती ३३ टक्के होते, कारण १.१ चा घन १.३३. दहा गोट्या दोन पुस्तकांमधल्या खाचेत एका ओळीत लावा, एकूण लांबी मोजा, दहाने भागा.

तिसरी पायरी, प्रत्येक गोटीला तिच्या व्यासाएवढा घन द्या. १६ मिमीच्या गोटीला १.६ × १.६ × १.६ = ४.१ घन सेमी, म्हणून लिटरच्या बरणीत सुमारे २४४. गोट्या खरं तर याहून दाट बसतात: घनाच्या रचनेत जागेचा ५२ टक्के भाग भरतो, नुसत्या ओतलेल्या गोट्यांत साधारण ६० टक्के. त्या हिशेबाने २८०. पण बरणीच्या भिंतीलगत पोकळी जास्त राहते, त्यामुळे खरा आकडा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी सापडतो. बरणी जितकी अरुंद तितका तो खाली. मग मोजा.

बरणीचं घनफळ पाण्याने मोजा. लेबलावर लिहिलेला आकडा आतल्या मालाचा असतो, काठोकाठ भरलेल्या बरणीचा नाही.

मधला_घात

जिथे मोजताच येत नाही तिथलं एक हत्यार. एखाद्या झाडाची पानं किती? मुलांना एक आकडा मागू नका, दोन मागा: नक्की यापेक्षा जास्तच, आणि नक्की यापेक्षा कमीच. समजा आलं १०० आणि १,००,०००. मुलं लगेच बेरीज करून दोनाने भागतात, ५०,०५०. ही सरासरी निरुपयोगी, तिच्यात १०० चा आवाजच नाही. वरचा आकडा निम्मा केला एवढंच झालं.

त्याऐवजी शून्यांची सरासरी: २ आणि ५ यांचा मध्य साडेतीन. तीन शून्यं म्हणजे हजार, आणि उरलेलं अर्धं शून्य म्हणजे गुणिले ३ (खरं तर १० चं वर्गमूळ, ३.१६). अंदाज ३,०००. हाच भूमितीमध्य, पण पाचवीतल्या मुलाला 'अर्धं शून्य' जास्त पटकन समजतं.

मग एका फांदीची पानं मोजा, तेवढ्या फांद्या किती ते मोजा, गुणा आणि ताडून पाहा. सगळ्यात जवळची, भरगच्च फांदी निवडण्याचा मोह होतो, म्हणून खालची, मधली, वरची अशा तीन फांद्यांची सरासरी घ्या.

गुणही पटीत द्या, टक्क्यांत नको. उत्तर ३,००० असताना ३० म्हणणाऱ्याची चूक ९९ टक्के आणि ९,००० म्हणणाऱ्याची २०० टक्के, म्हणजे टक्क्यांच्या हिशेबात ३० वाला जिंकतो! पटीत पाहिलं तर एकाची चूक १०० पट, दुसऱ्याची ३ पट. दुपटीच्या आत उत्तम, दहापटीच्या आत चालेल. १६ जुलै १९४५ च्या पहिल्या अणुस्फोट चाचणीत भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांनी कागदाचे कपटे हवेत सोडले, धक्क्याची लाट येताच ते सुमारे अडीच मीटर सरकले, त्यावरून त्यांनी स्फोट १०,००० टन टीएनटी या स्फोटकाएवढा ठरवला. खरा आकडा २०,००० टनांच्या पुढे. दुपटीहून थोडी अधिक चूक, तीही कागदाच्या कपट्यांवरून.

आडवी_रेघ

दोरीचा प्रयोग कोणी लिहिला नाही, लिहिते. १० मीटरची सुतळी, एका टोकाला ०, दुसऱ्याला १ अब्ज. मुलांना कपड्यांचे चिमटे द्या आणि दहा लाख, कोटी, दहा कोटी लावायला सांगा. बहुतेक चिमटे समान अंतरावर बसतात, म्हणजे नावं समान अंतरावर म्हणून संख्याही. खऱ्या जागा: दहा कोटी १ मीटरवर, कोटी १० सेमीवर, दहा लाख १ सेमीवर. लाख १ मिमीवर, गाठीतच बुडालेला. चिमटाच सेमीभर रुंद असतो, म्हणून शेवटी चिमटे काढून शाईच्या खुणा करा. नायलॉनची दोरी ताणली की लांबते, सुतळीच बरी.

मग पहिले १० सेमी ही नवी दोरी समजून तीच १० मीटरवर मोठी करा: आता टोक कोटी आणि लाख १० सेमीवर. त्याच जागी परत चिमटा लागतो हे मुलं स्वतःच ओरडून सांगतात.

परार्ध

नावांचाही गोंधळ आधी मिटवायला हवा. मिलियन = दहा लाख, बिलियन = १०० कोटी = अब्ज, ट्रिलियन = लाख कोटी. बातमीतलं बिलियन घाईत 'कोटी' म्हणून उतरवलं की शंभरपट चूक. जुन्या ब्रिटिश मजकुरात तर बिलियन म्हणजे लाख कोटी असायचं, तिथल्या सरकारी आकडेवारीत १९७४ पासून ते १०० कोटी झालं. स्वल्पविरामही वेगळे: आपला पहिला तीन अंकांनंतर, पुढचे दोन-दोन. त्यांचे सगळे तीन-तीन.

भास्कराचार्यांच्या यादीत (इ.स. ११५०) अब्जापुढे खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध अशी प्रत्येक दहापटीला नावं आहेत. वर आलेल्या बुद्धिबळाच्या पटाचे एकूण दाणे १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५, म्हणजे १८४ परार्धांहून जास्त. नाव मिळालं म्हणून संख्या कळत नाही, पण नाव नसेल तर ती तोंडातच येत नाही. नावं पाठ करण्यापेक्षा दहाचा कितवा घात ते शेजारी लिहा: अब्ज ९, परार्ध १७.

चिमूटभर

अक्षरं मोजणं कसं वाटतं? पुस्तकात दहा लाख अक्षरं भरायला किती पानं लागतील वगैरे. खर्च शून्य.

मधला_घात

चांगलंच आहे, पण आधी ठरवा: 'स्त्री' हे एक अक्षर की चार-पाच खुणा? जोडाक्षर एकच धरलं आणि संगणकाला मोजायला लावलं तर दोघांचे आकडे कधीच जुळत नाहीत, कारण संगणक स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी असे सहा मोजतो. ओळीवरच्या रेघेखाली जेवढे वेगळे घट्ट आकार दिसतात ते एक-एक, असा नियम करा. मग पाच ओळींची सरासरी × पानावरच्या ओळी. संवादांची पानं अर्धी रिकामी असतात, ती नमुन्यात किती यावीत यावर वाद घालू द्या. ३० ओळी, ओळीला २५ अक्षरं धरली तर पानाला ७५०, दहा लाखांना १,३३० पानं.

घनफूट

पाण्याचा एक देऊन थांबतो. ड्रॉपर सरळ उभा धरून ५ मिली मापात थेंब मोजा, साधारण १०० भरतात, म्हणजे थेंब ०.०५ मिली. ड्रॉपर तिरका धरला की थेंबाचा आकार बदलतो, आणि त्यात साबणाचा अंश राहिला असेल तर थेंब लहान पडतात. म्हणून आधी दोनदा नुसत्या पाण्याने विसळा. लिटरमध्ये २०,००० थेंब, दहा लाख थेंब ५० लिटरमध्ये, अब्ज थेंब ५० घनमीटरमध्ये.

आता फीत घेऊन वर्गाची लांबी, रुंदी, उंची मोजायला लावा. ५ × ४ × २.५ मीटर भरली तर बरोबर ५० घनमीटर. वर्ग याहून मोठा असेल तर अब्ज थेंबांचं पाणी किती उंचीपर्यंत चढेल ते काढून भिंतीवर खडूने रेघ मारा.

चिमूटभर

आमच्या मापाच्या ८ × ६ मीटरच्या वर्गात ती रेघ १ मीटर ४ सेमीवर येते. बाकांच्या वर.